निळाच राहिलेला पारा

आमच्या डेअरीच्या चेअरमनला कॉम्प्युटरमधलं एवढंच कळतं, की त्याला हार घालता येतो. घटस्थापनेच्या दिवशी त्यानं घातला. झेंडूचा, चांगला जाडजूड. मॉनिटरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून असा सोडला की निम्मा स्क्रीन झाकला, आणि जे दाखवायला मी तीन महिने डोळे फोडले ते नेमकं झेंडूच्या मागं गेलं. फोटो निघाला, पेढे वाटले. मीही आहे त्या फोटोत. डोक्यावर पदर, हातात नारळ, आणि तोंड असं की जणू कॉम्प्युटरचा शोध मीच लावला. त्या फोटोतल्या बाईचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो. चेअरमनचा नंबर तिच्यानंतर.

तसं त्याला चेअरमन म्हणायचं हीच गंमत. डेअरी बायकांची. कागदावर चेअरमन त्याची बायको. ती बिचारी घरी भाकरी थापते आणि हा पांढरे कपडे घालून तिच्या खुर्चीत बसतो. सही लागली की रजिस्टर घरी जातं, पीठ लागलेल्या हातानं ती सही करते, रजिस्टर परत येतं. गावात कोणाला यात काही वावगं वाटत नाही. मला वाटायचं, पण मीही त्यालाच चेअरमन म्हणत आले, म्हणजे माझ्या वाटण्याला काय चाटायचंय?

मी दहावीला एकदा नापास झालेली बाई. लग्नानंतर बाहेरून बसून पास झाले. टायपिंग शिकले आणि मग वीस-बावीस वर्षं गावातल्या पोरापोरींना शिकवलं, म्हणून सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा घाटनांदूरच्या एका बंद पडलेल्या दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला, जीपमध्ये मांडीवर घेऊन, लेकरासारखा. त्यावर लग्नपत्रिका केल्या. मग वाटलं, हे पत्रिकेचं यंत्र दुसऱ्यांनी सांगितलेलंच करतंय, आपण सांगितलेलं करील का? प्रोग्रॅमिंगचं एक पुस्तक मिळालं, पहिली चाळीस पानं फाटलेलं. मी एक्केचाळिसाव्या पानापासून शिकले. पुण्यात इंजिनियर असलेला माझा भाचा म्हणतो, “मावशी, म्हणूनच तुझ्या ज्ञानाला पाया नाही.” त्याच्याकडं पहिली चाळीस पानं आहेत, आणि पुढं तो गेलेलाच नाही, असं माझं मत होतं. आजही फारसं बदललेलं नाही.

तर डेअरीचं काम असं. पुढच्या खोलीत खिडकी. बायका कॅन, किटल्या घेऊन येतात, दूध तपासून, मोजून पुढच्या हौदात ओततात, आणि तिथून ते पाइपानं मागच्या खोलीतल्या मोठ्या कूलरमध्ये जातं. तिथं चार अंशांवर थंड होऊन राहायचं. अकराला टँकर येतो आणि घेऊन जातो. लाईट येऊन-जाऊन करायला लागली की कूलरचा कॉम्प्रेसर बसतो. तो आपोआप उठत नाही, बटण दाबून उठवावा लागतो. मग ते बटण कुठंय? मागच्या खोलीत. मागच्या खोलीला काय? कुलूप. किल्ली कुणाकडं? चेअरमनकडं. कावून? तर म्हणे बायका दुधात पाणी घालतील. ज्यांचं दूध, ज्यांची डेअरी, त्यांच्यापासूनच दूध कुलपात! असली अक्कल फक्त पांढऱ्या कपड्यात फिरते.

म्हणून मग खिडकीपाशी बसणाऱ्याला मागचं तापमान दिसावं, चढायला लागलं की त्यानं चेअरमनला फोन करावा आणि चेअरमननं किल्ली घेऊन पळत यावं, यासाठी मी ते बनवलं. कूलरमधल्या तापमापकाची तार कॉम्प्युटरला जोडली, आणि स्क्रीनवर एक मोठा थर्मामीटर काढला. तयार मिळणारा नव्हे. स्वतः रेघ रेघ काढलेला. काचेची नळी, खाली गोळा, आत पारा. पारा सहाच्या खाली असला की निळा, वर गेला की लाल. असल्या आपण बनवलेल्या चित्राला त्या विद्येत कंट्रोल म्हणतात, आणि त्याला जे काही लक्षात ठेवायला सांगतो त्याला प्रॉपर्टी. आमच्या जिल्ह्यात प्रॉपर्टी म्हटलं की भाऊ कोर्टात जातात, पण इथं तसं नाही. माझ्या थर्मामीटरची प्रॉपर्टी एकच, तापमान. तार आकडा पाठवणार, तो आकडा थर्मामीटर घेणार, पारा वर-खाली होणार. शिवाय दर पाच मिनिटांनी तोच आकडा एका फाइलमध्ये लिहिला जाणार, वेळेसकट.

सकाळच्या पाळीला खिडकीत गावातल्याच एका घरची सून बसायची. तिशीही नसेल. घरातले सगळे दसरा झाला की कोयत्यावर जाणारे, साखर कारखान्याला ऊस तोडायला, पार पावसाळा तोंडावर येईपर्यंत. तीही जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशोब. आदल्या साली तिच्या थोरल्या पोरीची निम्मी शाळा उसाच्या फडात गेली. डेअरीतलं हे काम मिळालं तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, तुम्ही भावाबरोबर जा, मी लेकरं घेऊन गावात राहते. नवरा तयार झाला, सासू झाली नाही. म्हणजे ते काम टिकलं तर ती गावात, लेकरं शाळेत. काम गेलं तर ट्रकमध्ये. मधलं काही नाही.

ती मला मावशी म्हणायची. थर्मामीटर पाहून म्हणाली, “मावशी, चित्र लई झ्याक हाय. पर खाली आकडा बी लिवा की. किती झालं ते कळंल.”

मी म्हणाले, “तुला आकडा कशाला पाहिजे? निळं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे फोन करायचा. चित्र कशासाठी काढलंय मी?”

दूध मोजणारी बाई ती. लिटर, मिली, फॅट सगळं आकड्यातच करणारी. आणि तिला मी आकडा कशाला म्हणाले! कारण मनातल्या मनात मी ठरवलेलं, असल्यांना चित्रच कळतं. चेअरमनच्या कुलपात आणि माझ्या चित्रात फरक तो काय, सांगा. आकड्याची पाटी मी लावली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण तयार मिळणारी आकड्याची पाटी मजकूर बदलला की स्वतःच स्वतःला नव्यानं लिहिते. माझ्या हातच्या थर्मामीटरला मी ते शिकवलंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट मी तिला दरडावून सांगितली. “कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई. चालू करायचा आणि नुसतं बघायचं. काही बिघडलं तर तुझ्यावर येईल.”

तिनं ते वेदवाक्य मानलं. कॉम्प्युटर चालू झाला की माऊस काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळायची आणि देवाच्या फोटोच्या फळीवर ठेवायची. कोणाचा धक्का नको, लेकराचा हात नको. पाळी संपली की फडकं सोडून माऊस परत जागेवर. मी पाहिलं तेव्हा हसले. चांगलं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. माझ्या यंत्राची पूजा चाललीय असं वाटलं.

संध्याकाळच्या पाळीला चेअरमनचा मेव्हणा. चाळिशीचा गडी, मिशीला पीळ. याला कॉम्प्युटर कशासाठी दिला होता ते त्यानं पहिल्या दिवशी विसरून टाकलं. माझी थर्मामीटरची खिडकी तो कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवर टिचकी मारून खाली पाडायचा आणि कुस्त्या बघायचा. कोणी बाई आली की थर्मामीटर वर, बाई गेली की कुस्त्या. पाळीत पन्नास वेळा. मी एकदा रागावले तर म्हणाला, “बाई, तुमचा पारा बघून बघून माझा पारा चढतोय.” आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की खोकला लागला.

पण त्याच्या पाळीत थर्मामीटर बरोबर चालायचा. दूध ओतलं की थोडा चढलेला, तासाभरानं उतरलेला. दोनदा लाल झाला, त्यानं फोन केला, चेअरमन आला. गावात बोलबाला, की मेव्हण्याचं लक्ष असतं.

दहाबारा दिवस झाले असतील, सून मला रस्त्यात भेटली. डोक्यावर धुण्याची पाटी. म्हणाली, “मावशी, एक इचारू? सकाळी एवढं गरम दूध आत जातंय, तरी तुमचा पारा हालतच न्हाई. हाय तिथंच ऱ्हातोय.”

मी काय म्हणावं? मी म्हणाले, “कूलर चांगला आहे म्हणून हालत नाही. तू दूध मोज.”

हे वाक्य मी जसं म्हणाले तसंच इथं लिहिलंय. एक अक्षर मऊ केलेलं नाही.

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. ऊन भाजत होतं. सकाळी सातला लाईट तीनदा आली-गेली आणि कॉम्प्रेसर बसला. डेअरीचा कॉम्प्युटर बॅटरीवर, तो बंद पडला नाही. अकराला टँकरवाला आला, मागची खोली उघडली, झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. “काय बे, हे काय दूध हाय?” म्हणून चेअरमनकडं बघितलं आणि टँकर घेऊन निघून गेला. आदल्या संध्याकाळचं आणि त्या सकाळचं, सगळं दूध ओढ्यात सोडावं लागलं. बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या.

मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा चेअरमन कॉम्प्युटरसमोर. त्यानं स्क्रीनवर कुठल्या कुठल्या खिडक्या उघडल्या होत्या, माझा थर्मामीटर खाली गेला होता, मी तो वर घेतला. लाल. लालभडक, एकोणतीस अंशांवर.

“बघा,” चेअरमन म्हणाला. “पोरं-सोरं बी सांगतील लाल हाय म्हणून. ही म्हणती निळं हुतं.”

सून भिंतीला टेकून उभी होती. “निळंच हुतं,” ती म्हणाली. “टँकर येईस्तोर निळंच हुतं. देवाशप्पत.”

“झोपली असंल,” मेव्हणा म्हणाला. “दोन लेकराची माय, डुलकी लागती.”

मग मी माझी फाइल उघडली. किती हुशार मी! सात पाच, पाच अंश. सात दहा, सहा. साडेसात, नऊ. असं चढत चढत अकरापर्यंत, दर पाच मिनिटांची नोंद. वाचून दाखवली सगळ्यांना, पट्टी घेऊन शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तशी. चेअरमनला त्यातलं एकच कळलं, की लेखी पुरावा आहे. ती माझ्याकडं बघत होती. चेअरमनकडं नव्हती बघत, मेव्हण्याकडं नव्हती. माझ्याकडं.

“मावशी, निळं हुतं,” परत म्हणाली.

आणि मी म्हणाले, “बाई गं, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

रजिस्टरात त्याच दुपारी लिहिलं गेलं, कामात हयगय, कामावरून कमी. रजिस्टर घरी गेलं, सही होऊन परत आलं. सकाळची पाळीही मेव्हण्याला. आणि गावात झालं, की ती खिडकीत झोपली आणि गावाचं दूध नासवलं. तिच्या सासूला तर सण झाल्यासारखं झालं. ट्रक आठ दिवसांनी निघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली. रडत वगैरे नव्हती.

“मी झोपले नव्हते एवढं सांगायला आले. तुमी हात लावू नको म्हणालात, म्या लावला न्हाई. माऊससुदिक फळीवर ठुला. त्यो भाऊ तर दिसभर त्याला खालीवर करतो, त्याचं बरं चालतंय, आन म्या हात लावला न्हाई तर माझ्याच वक्ताला कसं काय बिघडलं?”

आणि गेली.

मी चहा टाकला होता. चहा उकळून वर आला आणि मी तशीच उभी. काय म्हणाली ती? त्यो भाऊ खालीवर करतो. म्या हात लावला न्हाई.

माझ्याकडं तापमापकाची दुसरी तार होती. घरच्या कॉम्प्युटरवर थर्मामीटर चालू केला. निळा, खोलीत ऊन असून निळा, कारण तार आधी बर्फ टाकलेल्या माठात सोडली होती. मग ती माठातून काढली आणि सरळ चहाच्या भांड्यात टाकली. माऊसला हात लावला नाही. हात मांडीखाली घेऊन बसले, हो, अगदी तशी. नोंदीचा वेळ तपासण्यापुरता पाच सेकंदांवर आणला होता, फाइलमध्ये आकडा जात होता, चाळीस, पन्नास, साठ. चित्रात पारा निळा. निळा. निळा. चहात तार बुडालीय, वाफ येतेय आणि माझं तीन महिन्यांचं कौतुक सांगतंय की सगळं थंडगार आहे.

मग खिडकी टिचकी मारून खाली पाडली, परत वर घेतली. लाल.

आता हे कसं ते सांगते, कारण हे कळायला पुण्याला जावं लागत नाही. डेअरीत दराचा फळा असतो. नवा दर चिटणिसाला सांगितला, त्याच्या डोक्यात गेला. पण त्यानं उठून फळा पुसून नवा आकडा लिहिला नाही तर फळ्यावर जुनाच दर. चिटणीस खोटा नाही, फळाही खोटा नाही, मधलं उठून पुसण्याचं कामच कोणी सांगितलेलं नाही. माझ्या थर्मामीटरला नवं तापमान कळत होतं. पण ‘तुझं चित्र शिळं झालं, नवं काढ’ असं मी त्याला कुठंच सांगितलं नव्हतं. खिडकी खाली जाऊन वर आली की कॉम्प्युटर स्वतः म्हणतो, काढ रे बाबा परत. म्हणून मेव्हण्याच्या कुस्त्यांनी पारा ताजा राहायचा. आणि तिनं माऊस फडक्यात बांधून ठेवला म्हणून तिच्या पाळीत सकाळचा पहिला पारा तसाच राहायचा, पाळी संपेपर्यंत. कामचुकाराला बक्षीस आणि माझं ऐकणारीला शिक्षा, असं यंत्र मी बनवलं होतं.

मग मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं की! तार यायच्या आधी मी आकडा एका फाइलमध्ये हातानं लिहून बघायची. त्यासाठी थर्मामीटर खाली पाडायची, आकडा लिहायची, थर्मामीटर वर घ्यायची. दर वेळी बरोबर. मेव्हण्यासारखीच वागत होते मी, फक्त कुस्त्या नव्हत्या.

भाच्याला फोन लावला. म्हणाला, “मावशी, सोपंय. टायमर लाव आणि दर सेकंदाला अख्खं चित्र परत काढायला सांग. आम्ही पण कधीकधी तेच करतो.” म्हणजे फळ्यावरचा दर बदलो न बदलो, चिटणिसानं दिवसभर उभं राहून फळा पुसत बसायचं. याला हे लोक तोडगा म्हणतात आणि गाडी घेऊन ऑफिसात जातात! मी फोन ठेवला. तापमान जिथं थर्मामीटरच्या हातात पडतं, तिथंच दोन ओळी घातल्या. आलेला आकडा जुनाच असेल तर गप्प बस. वेगळा असेल तर चित्र शिळं झालं असं कळव. त्यांच्या भाषेत त्याला इनव्हॅलिडेट म्हणतात. आकडा तारेनं पाठवो की कोणी हातानं, ते तिथंच होणार, कोणाला आठवण ठेवायला नको. आणि खाली, मोठ्या अक्षरात, आकडाही घातला. परत माठ, परत चहा, हात मांडीखाली. पारा सरसर चढला, लाल झाला, आकडा पळत होता. मला काडीचा आनंद झाला नाही.

दुपारी चेअरमनच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि मग मला असं समजावलं जसं मीच नासलेलं दूध आहे.

“बाई, तुमी कशाला अंगावर घेता? फोटो आलाय पेपरात. आपल्या गावच्या आज्जीनं सॉफ्टवेअर बनवलं म्हणून तालुक्यात नाव झालं. आता तुमीच म्हणायचं की ते खोटं दाखवतंय? माणसं हसतील. ती काय, कोयत्यावर जातच हुती, या साली बी जाईल. नीट करा आन सोडून द्या.”

खोटं बोलत नाही, एक क्षण मला ते पटलं. हसतील, हे खरंच होतं. पासष्टीत नाव मिळालं होतं. मी त्याच्या ओसरीवर चप्पल घालेपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, की हळूच दुरुस्त करावं, चार दिवसांनी तिला कुठं शिवणकाम बघून द्यावं. शिवणकाम! चप्पल घालून झाली तेव्हा मला त्या माणसाची किळस आली, आणि तो आणि मी एकाच ओसरीवर एकच विचार करत होतो म्हणून माझीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळेला मी डेअरीत गेले. दुरुस्त न केलेला जुना थर्मामीटर, तांब्यात बर्फाच्या पाण्यात सोडलेली तार, आणि किटलीत उकळता चहा. मेव्हणा खिडकीत. बायकांची रांग लागली होती. मी म्हणाले, “किटल्या खाली ठेवा, बायांनो. एक बघून जा.” सुनेला घरून बोलावून घेतलं होतं. ती रांगेच्या शेवटी उभी राहिली, रिकाम्या हातानं.

माऊस काढून मेव्हण्याच्या हातात दिला. “धरा. टेबलावर ठेवू नका.” पारा निळा होता. तार बर्फाच्या पाण्यातून काढून चहात टाकली.

“चहा कसाय गं?” मी पुढच्या बाईला विचारलं.

तिनं बोट लावून झटकलं. “अगं माय! भाजलं की.”

“आणि चित्र काय म्हणतंय?”

“निळं.”

“निळं,” मागच्या चारपाच जणी म्हणाल्या. मग एक म्हातारी मेव्हण्याला म्हणाली, “भाऊ, तुमी हाय तवा कावून लाल व्हतंय वो?” मी माऊस परत घेतला, खिडकी खाली पाडली, वर घेतली. लाल. मेव्हण्याच्या कुस्त्या कोणाला ठाऊक नव्हत्या असं नाही. हशा असा झाला की बाहेर बांधलेल्या म्हशीनं मान वळवली.

हसू थांबल्यावर मी म्हणाले, “ती झोपली नव्हती. तिनं मला आधी सांगितलं होतं की पारा हालत नाही. मी तिला गप्प केलं. दूध माझ्यामुळं गेलं.”

चेअरमन तोवर आला होता. “बरं बरं,” तो म्हणाला, “झालं-गेलं. रजिस्टरात एकदा लिवलेलं बदलता येत न्हाई पण. सही झालीय.”

“कुणाची सही हाय?” एकीनं विचारलं.

दोघी रांगेतून निघून त्याच्या घरी गेल्या. त्याची बायको आली तशीच, हाताला पीठ, पदर खोचलेला. डेअरीत मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भावाकडं, म्हणजे त्या मेव्हण्याकडं, तिनं बघितलंच नाही. “आना हिकडं,” म्हणाली. रजिस्टर उघडलं. ‘कामात हयगय’वर रेघ ओढली, एक, मग आणखी एक, आणि बाजूला सही केली. नवऱ्याला म्हणाली, “मागच्या खोलीची किल्ली हितं खिळ्याला ऱ्हाईल.” तो काही म्हणाला, तिनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि भाकरी करपेल म्हणून निघून गेली. मी कौतुक करायला तोंड उघडलं होतं, तेवढाही वेळ तिनं दिला नाही. बरंच झालं.

मेव्हणा खुर्चीतून उठला. सून बसली नाही.

“मला लिवून द्या,” ती मला म्हणाली.

“रजिस्टरात झालं की गं दुरुस्त.”

“रजिस्टर हितं ऱ्हातंय. माझ्या सासूला, मुकादमाला, समद्या आळीला तोंडी सांगितलंय त्येनी की मी झोपले. मी काय त्यांना हितं आणून चहात बोट घालाय लावू? कागदावर लिवा. मी घरी दावते.”

मी कागद घेतला. टायपिंगच्या क्लासात अर्ज शिकवलेली बाई मी. झरझर लिहिलं, की संगणक प्रणालीतील तांत्रिक त्रुटीमुळे तापमानाचे चित्र अद्ययावत झाले नाही, त्यामुळे झालेल्या नुकसानीस सदर महिला जबाबदार नाही. खाली सही. दिलं तिला.

तिनं वाचलं. ओठ हलवत, सावकाश, बोट अक्षरांखाली. रांगेतल्या बायका थांबल्या होत्या, दूध तापत होतं. वाचून झाल्यावर कागद परत माझ्यापुढं ठेवला.

“हे कुणी केलं म्हून लिवलंय?”

“लिहिलंय की. तांत्रिक त्रुटी.”

“ती कोन?”

मागं कोणीतरी हसलं. ती हसली नाही. चिडलेलीही नव्हती. दूध परत मोजायला सांगावं तसं तिनं सांगितलं.

“तुमी मगाशी बोललात तसं लिवा. म्या आधी सांगितलं हुतं, तेबी.”

मी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. या वेळी वेळ लागला. हिनं पारा हालत नाही असं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, चित्र मी चुकीचं बनवलं होतं, दूध माझ्यामुळे नासलं, ही झोपली नव्हती. पाच वाक्यं. त्यात एकही अवघड शब्द नव्हता, आणि आयुष्यात एवढं टायपिंग करून मला ती लिहिताना घाम आला. तिनं परत बोट ठेवून वाचलं. शेवटच्या वाक्यावर थांबली, परत वाचलं. घडी घालून कागद पोलक्यात ठेवला.

मग खुर्चीत बसली, पदर खोचला आणि पुढच्या बाईला म्हणाली, “घाल गं. उन्हं आली.”